सूर धरणारे रंगनाथ मामा

मला घडवणाऱ्या माणसांची यादी केली तर ती लांब होईल. आष्टीच्या शाळेतले गुरुजी, कॉलेजचा फॉर्म भरायला जालन्यापर्यंत सोबत आलेले चुलते, वसतिगृहात माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवणारे आचारी. पण सगळ्यात जास्त ऋण कुणाचं असं कुणी विचारलं, तर मी रंगनाथ सोनाजी बोडखे हे नाव घेतो. ते माझे शिक्षक नव्हते. मी विज्ञानाचा शिक्षक होतो आणि ते त्याच शाळेत प्रयोगशाळेचे परिचर होते. हुद्द्यानं माझ्या खाली, वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, शिक्षण आठवी. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची. मीही मामाच म्हणायचो आणि ते मला शेवटपर्यंत ‘सर’ म्हणत राहिले.

शहाऐंशी सालच्या जूनमध्ये मी कुंभार पिंपळगावला रुजू झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गुण चांगले होते, पण ते पाठांतराचे होते, हे मला तेव्हाही मनातून माहीत होतं. पहिल्या दिवशी मामांनी प्रयोगशाळा दाखवली. तीन लांब टेबलं, दोन कपाटं, आणि खिडकीशेजारी भिंतीवर खिळ्यांची एक रांग. प्रत्येक खिळ्यावर एकेका रंगाच्या तारांचं वेटोळं.

“सर, हितं कायदा एकच,” ते म्हणाले. “प्रयोग झाला की तारा काढायच्या, रंगावर लावायच्या, काटा शून्यावर आणायचा. मंग हात धुवायचे.”

“आणि कुणी विसरलं तर?”

“न्हाई विसरत. मी हाय ना.”

मामा बारीक अंगाचे, खांदे थोडे पुढे झुकलेले. खाकी सदऱ्याच्या खिशात टेस्टर, आणि त्याशेजारी पेन असल्यासारखा लहान स्क्रू-ड्रायव्हर. मीटरवर त्यांचा पहिल्या फटक्यात विश्वास नसायचा. नखानं काचेवर दोनदा टकटक करायचे आणि मगच आकडा वाचायचे. ट्रान्सफॉर्मर चांगला आहे की जळत चाललाय, हे ते वास घेऊन सांगत. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. बसायचं झालं तर उंबऱ्यावर. मुलांवर चिडले की एवढंच म्हणायचे, “बाळा, ती तार हाय, दावं न्हाई.”

दुसऱ्या कपाटाला कुलूप असायचं. त्यात काय आहे ते मला दिवाळीनंतर कळलं, आणि तेही त्यांना माझी गरज पडली म्हणून. इंग्रजी मासिकाचा एक जुना अंक घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. जालन्याच्या रद्दीवाल्याकडून आणला होता. पान उघडलं तर त्यावर एका विलायती वाद्याचं चित्र. वाद्य कसलं, टेलिफोन एक्स्चेंजच म्हणा. उंच लाकडी पेटी, तिच्यात चौकोनी खण, खणाखणाला बटणं आणि भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्यात गेलेल्या पन्नास तारा.

“आकृत्या मला कळत्यात. खालचं इंग्रजी तेवढं वाचून द्या सर.”

मी वाचून दाखवलं. शब्द माझे, अर्थ त्यांचा, असा तो प्रकार होता. ‘हा भाग लाटेतले वरचे स्वर कापून टाकतो,’ असं मी भाषांतर करायचो आणि मला स्वतःला त्याचा काही बोध व्हायचा नाही. मामा डोळे बारीक करून म्हणायचे, “हां, म्हंजे चाळणी.” मग त्यांनी कुलूप काढलं.

आत तसलीच पेटी होती, फक्त लहान. मोडलेल्या बाकाच्या सागवानाची चौकट, तिला पॉलिश. पुढे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आठ खण, दोन ओळींत. बटणं जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची, तपकिरी, बोटाला गार लागणारी. एका खणात रेडिओचाच पिवळा दिवा. प्रत्येक खणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक शब्द लिहिलेला. दोन खणांवर ‘नरडं’. बाकीच्यांवर चाळणी, झडप, दम, वारा, मिसळ. आठवा खण रिकामा होता. पुढे एकदा हेडमास्तरांनी ती पेटी पाहिली आणि ‘मिसळ’ वाचून विचारलं, “बोडखे, हॉटेल काढताय का?” मामा गंभीरपणे म्हणाले, “सगळे आवाज हितं एका ताटात येतात, सर. दुसरा शब्द सुचला न्हाई.”

त्यातलं कोण काय करतं, हे त्यांनी मला एकेक खण चालू करून ऐकवलं. नरडं म्हणजे मूळ आवाज. नुसतंच ऐकलं तर माशी काचेवर आपटावी तसं, कोरडं आणि कर्कश. त्याची तार चाळणीत घातली आणि बटण हळूहळू फिरवलं की त्यातला चरचरीतपणा थराथराने गळायचा, आणि खाली गोल, बुटका आवाज उरायचा. झडप तो आवाज उघडायची आणि मिटायची. वारा म्हणजे नुसती सळसळ, तोंडातून हवा सुटल्यासारखी. आणि दम स्वतः काहीच वाजायचा नाही. त्याचं काम दुसऱ्याला हलवणं. दमाची तार चाळणीला जोडली की आवाज छातीसारखा वरखाली व्हायचा.

मी विचारलं, “मामा, एवढ्या तारा बाहेर कशाला? आतूनच पक्कं जोडून टाका ना.”

“आतून जोडलं की ते एकच काम करतंय, जल्मभर,” ते म्हणाले. “बाहेर ठिवलं की त्याला इचारता येतंय. तू हिकडं गेलास तर काय व्हईल? तिकडं गेलास तर?”

मी कॉलेजात तीन वर्षं ध्वनी शिकलो होतो. पण लाट कशी असते हे मला त्या दुपारी, त्या बटणाखाली कळलं.

यात एक अडचण होती. या पेटीला आठवण नव्हती. साधलेला आवाज तारांच्या जागेत आणि बटणांच्या कोनांत असायचा, दुसरीकडे कुठेही नाही. एक तार काढली की तो गेला. शिवाय नरडी ऊन-थंडीला फार हळवी. सकाळी जुळवलेला सूर दुपारी पत्रे तापले की चढायचा. मामांनी त्यावर उपाय केला होता. नरड्यातले नाजूक भाग त्यांनी जर्द्याच्या डबीत ठेवून भोवती कापूस दाबून भरला होता. “बाळंतिणीच्या खोलीसारखं,” असं म्हणायचे. त्यानं फरक पडला, पण पूर्ण थांबलं नाही.

ही पेटी कशासाठी, ते त्यांनी मी विचारल्याशिवाय सांगितलं नाही. त्यांचे थोरले भाऊ दादाराव सनई वाजवायचे. गावच्या महादेवाच्या देवळात सोमवारी, आणि लग्नसराईत पार परतूरपर्यंत. सनईवाल्याशेजारी एक माणूस नुसता सूर धरून बसलेला असतो. त्याला वाजवायचं काही नसतं. एकच स्वर, गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, मध्ये न तोडता धरायचा. लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. मामांनी भावाशेजारी बसून बावीस वर्षं तो सूर धरला. मग छातीचं दुखणं झालं. वर्षभर औषध चाललं, दुखणं बरं झालं, पण डॉक्टरांनी फुंकायला कायमची बंदी घातली.

“दादानं दोघं-तिघं ठिवून बघितले,” मामा म्हणाले. “एक झोपायचा. एकाचा सूर भाजीत मीठ टाकल्यासारखा, कधी जास्त कधी कमी. मंग दादानं सनई गुंडाळून ठिवली. म्हणला, तू न्हाई तर सूर न्हाई. आता सांगा सर, दुखणं माझं, अन् बंद पडला तो.”

हे सांगताना ते सोल्डरिंगचं टोक ओल्या फडक्यावर पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

माझ्यावरचे त्यांचे उपकार मोजायचे तर एक तास सांगितला पाहिजे. नववीत मी ध्वनी शिकवत होतो. एका मुलीनं विचारलं, “सर, बाजाच्या पेटीचा सा अन् सनईचा सा एकच, मंग कानाला येगळा का लागतो?” मी पुस्तकातलं वाक्य म्हटलं. तिनं मान हलवली, पण तिला कळलं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, आणि मी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं. वर्गात कुणीतरी हसलं. मामा मागच्या टेबलावरची धूळ पुसत होते. ते बाहेर गेले आणि पाच मिनिटांत ती पेटी हातगाड्यावर घालून वर्गात आले. “सर, तुम्ही आणायला सांगितल्याली पेटी आणलीय. जरा उशीर झाला.” मी काहीही सांगितलं नव्हतं. मग ते तारा जोडत गेले आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात सांगत गेले, “आता चाळणी बंद करा सर... आता उघडा.” मुलांना वाटलं, सरच प्रयोग करतायत. तास संपला तेव्हा त्या मुलीला उत्तर कळलं होतं आणि मलाही. त्यानंतर मी शिकवण्याआधी आदल्या दिवशी मामांना विचारायला लागलो. बारा वर्षं विचारत राहिलो. माझ्या हाताखालून जी मुलं पुढे इंजिनियर झाली ती मला नमस्कार करतात, तेव्हा मला संकोच वाटतो तो यामुळे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहितोय ती सांगतो.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मामांनी आठवा खण पुरा केला. त्यात आणखी एक दम होता, पहिल्याहून संथ. दोन दम एकावर एक घातले की सूर यंत्रासारखा सारखा वरखाली होत नव्हता. तो माणसासारखा, कधी जरा जास्त, कधी जरा कमी व्हायचा. शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. बावीस तारा लागल्या होत्या. त्यांनी शेवटचं बटण केसभर फिरवलं आणि हात मागे घेतला.

खोलीत कुणीतरी बसून सूर धरल्यासारखं वाटलं. ओठांवर पानाची पिपाणी, तिच्या कडेनं निसटणारी हवा, आणि श्वास घेतानाची ती अगदी बारीक घसरण. मी सनई लग्नातच ऐकलेली. पण अंगावर काटा आला. मामा एका कानात बोट घालून, मान खाली घालून ऐकत होते.

“हाच,” ते म्हणाले. “बराबर हाच. दादा परवा येतो म्हणलाय. एकदाच ऐकीन म्हणलाय, पुन्यांदा बोलवायचं न्हाई.”

त्यांनी फक्त वीज बंद केली. तारा आणि बटणं तशीच ठेवून कपाट लोटलं. कुलूप लावलं नाही, कारण तारांची वेटोळी बाहेर आली होती आणि दार नीट मिटत नव्हतं.

सोमवारी शाळेची तपासणी होती. शनिवारी मामा दादारावांना सूर लागल्याचा निरोप द्यायला घरी गेले होते. हेडमास्तरांनी मला प्रयोगशाळा लावून ठेवायला सांगितलं. मी टेबलं पुसली, बाटल्या ओळीत लावल्या. मग ते अर्धवट उघडं कपाट दिसलं. पेटी मला माहीत होती, आणि आदल्या संध्याकाळी मी तिच्यासमोर उभा होतो. तरीही मी ते केलं. डोक्यात मामांचाच कायदा इतका भिनला होता की हात आपोआप चालले. बावीस तारा काढल्या, रंग बघून खिळ्यांवर लावल्या, एकूण एक बटण शून्यावर आणलं. कपाट मिटलं, तेव्हा मला बरंही वाटलं. मग हात धुवायला गेलो. पाणी हातावर पडत असताना मला कळलं मी काय केलं ते.

मी परत जाऊन तारा लावायचा प्रयत्न केला. बावीसपैकी सहाच्या जागा आठवल्या. बटणांचं तर काहीच नाही. शेवटी त्या सहाही काढल्या.

रविवारी सकाळी मी तिथे गेलो तो सगळं सांगायचं ठरवूनच. पण माझ्या आधी दोघं भाऊ पोचले होते. दादाराव उंच, पांढऱ्या मिशांचे, काखेत कापडात गुंडाळलेली सनई. मामांनी कपाट उघडलं आणि तसेच उभे राहिले. खिळ्यांकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

“काय झालं रे?” दादाराव म्हणाले.

“तारा काढल्यात.”

“कुणी?”

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मामाच बोलले, “मीच की. आणखी कोण काढतंय? शुक्रवारी जाता जाता हात फिरला आसंल. सवय.”

दादाराव हसले. “आरं, पन्नाशीच्या आत म्हातारा झालास की काय रंग्या? सकाळी धोतर नेसलं का न्हाई, ते तरी बघून येत जा!”

मामाही हसले. ते हसणं पाहून माझे शब्द आत राहिले. कारण कुठलंही सांगता येईल, पण खरं एवढंच की मला लाज वाटली आणि मी गप्प बसलो.

त्यांनी दोन तास तारा लावल्या. ऊन चढत गेलं, नरडी चढत गेली. सूर लागला, पण शुक्रवारचा नव्हता. त्यात आवाज होता, माणूस नव्हता. दादारावांनी सनई काढून थोडं वाजवलं, मध्येच थांबून पेटीकडे कान केला.

“वाईट न्हाई,” ते म्हणाले. “लग्नात चालंल. तिथं कोण ऐकतंय? पर देवळात न्हाई नेणार मी हे.”

“आणखी आठ दिवस दे दादा. शुक्रवारी बराबर लागल्ता. सरांनी ऐकलाय, इचार त्यांना.”

“ऐकलाय,” मी म्हणालो. “अगदी बरोबर होता.”

“लागल्ता म्हंता, मंग गेला कुठं?” दादाराव म्हणाले, आणि सनई गुंडाळली.

मामांची पेटी पुढे पाच-सहा वर्षं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लग्नांत वाजली. दादाराव पुन्हा वाजवायला लागले, हे खरं. मंडपाच्या कोपऱ्यात सतरंजीवर ते, शेजारी मामा, हात बटणावर. लहान मुलं पेटीभोवती जमायची. पिवळा दिवा आणि त्या तारा बघत बसायची, नवरा-नवरीला सोडून. मग बाजारात जपानी कीबोर्ड आले, बटण दाबलं की शंभर वाद्यं, आणि सनईला आमंत्रणं कमी झाली. मामांना त्या कीबोर्डचा राग नव्हता. एकदा दाबून पाहिला आणि म्हणाले, “चांगला हाय. पर ह्याला काही इचारता येत न्हाई.” देवळात मात्र सोमवारची सनई पुन्हा वाजली नाही. तो शुक्रवारचा सूर मामांनी किती वेळा शोधला, मी मोजलं नाही. “हां... न्हाई,” असं म्हणून ते थोडं थांबायचे आणि एक तार काढायचे.

आणि त्या रविवारपासून ते वही ठेवायला लागले. सुरुवातीला फक्त पेटीच्या आकृत्या. कोणती तार कुठे, बटण घड्याळाच्या कितीवर. मला वाटलं, चांगलंच आहे, हे आधीच करायला हवं होतं. मी गप्प राहिलो त्याचा काही तोटा झाला नाही, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं.

अठ्ठ्याण्णव साली माझी जाफराबादकडे बदली झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. घराच्या ओसरीत बसलो. मामींनी चहा दिला आणि त्या दळणाला गेल्या. पेटी आतल्या खोलीत, कापड घालून ठेवलेली. निघताना ते मला स्टँडपर्यंत सोडायला निघाले. दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, मग खिशातून वही काढून लिहिलं. चार पावलं चालले, थांबले, वही काढून वाचलं. परत दाराकडे पाहिलं.

“काय लिहिता मामा?”

“कुलूप लावल्यालं. मोटार बंद केल्याली. गोळी घेतल्याली.” ते हसले. “माझ्या हाताचा भरवसा न्हाई सर. तवापासून. दादा येऊन बसल्ता अन् मीच सगळं पुसून ठिवल्तं, अन् मला पत्ता न्हाई. त्या दिवशी कळलं, आपलं डोकं आपल्याला न सांगता काम करून राह्यलंय.”

जाफराबादच्या गाडीसाठी आधी जालन्याची एसटी पकडायची होती. ती लागली. मी खिडकीत बसलो. मामा खाली उभे होते, आणि गाडी सुटायच्या आत त्यांनी वही काढून आणखी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. ‘सरांना गाडीत बसवलं’ असंच असावं.

त्या रात्री मी खालचं पत्र लिहिलं आणि सकाळी शाळेत जाताना टपालपेटीत टाकलं.

ती. रंगनाथ मामा यांस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. मामींना नमस्कार सांगा.

एक गोष्ट तेरा वर्षांपूर्वी सांगायची होती ती आज लिहितोय. तपासणीच्या आधीच्या शनिवारी तुम्ही घरी गेला होतात. पेटीच्या तारा त्या दुपारी मी काढल्या. बटणंही मीच शून्यावर आणली. मुद्दाम नाही, पण मीच. रविवारी सकाळी मी हे सांगायला आलो होतो. तुम्ही स्वतःवर घेतलंत आणि मी घेऊ दिलं.

म्हणजे तुमचा हात फिरला नव्हता. तुम्ही काहीही विसरला नव्हतात. शुक्रवारी तुम्ही फक्त वीज बंद केलीत आणि कपाट लोटलंत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तो सूर बरोबर होता. तो ऐकलेला तुमच्याशिवाय मी एकटाच. म्हणून हे सांगणं माझ्याकडेच होतं आणि मीच ते दाबून ठेवलं.

तुम्ही माफ करावं असं मी म्हणत नाही. राग आला तर तोंडावर काढा, मी येतोय. मला दादांसमोर हे सांगायचं आहे, कारण ते तुम्हाला त्यांच्यासमोरच ऐकून घ्यावं लागलं. ते कोणत्या वारी घरी असतात तेवढं कळवा.

आपला,
उद्धव